कोजागिरीला तंबू ठोकायचाय: बे एरियाजवळ कॅम्पग्राउंड कुठलं?

गवती_चहा | ९ मार्च

मंडळी, सासू-सासरे मेमध्ये येताहेत, नोव्हेंबरपर्यंत आहेत. मागच्या खेपेला योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, वेगास सगळं झालं. परवा फोनवर बाबा म्हणाले, "हॉटेलं पुष्कळ पाहिली गं, या वेळी एकदा उघड्यावर झोपू." लहानपणी साताऱ्याकडच्या गावी खळ्यावर झोपायचे, ते डोक्यात बसलंय. आई म्हणाल्या, "तुम्ही झोपा. मी गाडीत झोपेन."

या वर्षी कोजागिरी सोमवारी आहे, म्हणजे आदल्या शुक्र-शनिवारी दोन रात्री जाता येईल. बाहेर दूध आटवायचं, चंद्र बघायचा, एवढाच बेत.

माणसं सहा: आम्ही दोघं, मुलं ९ आणि ४ वर्षांची, बाबा ७३, आई ६९. आईंचा गुडघा दुखतो. बाबांना रात्री दोनदा उठावं लागतं. आम्ही बे एरियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला राहतो, दोन तासांच्या आत पोचायला हवं. नवरा म्हणतोय सरळ आरव्ही (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊ. मला तंबू हवाय. आयुष्यात एकदाच कॅम्पिंग केलंय, तेही ऑफिसबरोबर, आणि तंबू दुसऱ्यांनीच लावला होता. कुठे जावं?

---

अटकमटक | ९ मार्च

हाफ मून बेला जाऊ नका. कोजागिरीला अर्धाच चंद्र मिळेल.

---

घोरपड | ९ मार्च

अटकमटकने विनोद केलाय, पण उत्तरही दिलंय. त्यावर येतोच.

आधी तारीख, मग जागा. स्टेट पार्कांचं बुकिंग बरोबर ६ महिने आधी सकाळी ८ वाजता उघडतं. ३ ऑक्टोबरची रात्र हवी असेल तर ३ एप्रिलला पावणेआठला लॉगिन करून बसायचं, कार्डाचा नंबर आधीच भरून ठेवायचा. आठ वाजून पाच मिनिटांनी समुद्राकाठचं काही उरलेलं नसतं. राष्ट्रीय उद्यानांची वेबसाइट वेगळी, ती आपल्याकडे ७ ला उघडते, कारण त्यांचे पूर्वेकडचे १० वाजलेले असतात. काउंटी (म्हणजे जिल्हा) पार्कांची तिसरीच. तिन्हीकडे खाती आत्ताच उघडून ठेव. चुकलंच तर घाबरायचं नाही, आठवडाभर आधी लोकांची रद्द केलेली बुकिंगं सुटतात. मी निम्म्या वेळा तशीच मिळवलीत.

आता चंद्र. बे एरियात सगळे "रेडवुडमध्ये जा" असं सांगतील. रेडवुड म्हणजे उंचच उंच, दाट झाडं; त्यांच्याखाली रात्री आकाशाचा तळहाताएवढा तुकडा दिसतो. हेन्री कॉवेल, सॅम्युअल टेलर, ब्यूटानो ही दिवसा देखणी ठिकाणं आहेत, पण दुधात चंद्र पडायची आशा धरू नकोस. समुद्राकाठी आकाश मोकळं असतं, पण धुकं. जून ते ऑगस्ट हाफ मून बेला तू स्वेटर घालून बसशील आणि तासाभरावर लिव्हरमोरला लोक एसी लावून. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मात्र किनाऱ्यावर वर्षातली सगळ्यात चांगली हवा असते. म्हणजे तुझी तारीख नकळत बरोबर पडलीय. तरी रात्री १०-१२ अंश सेल्सियस धरून चल. साताऱ्याच्या खळ्यावरची चादर इथे चालणार नाही.

---

मावळा_सॅनहोजे | ९ मार्च

आरव्ही म्हणजे कॅम्पिंग नव्हे. चाकांवरचा वन-बीएचके आहे तो. बाबांना उघड्यावर झोपायचंय तर झोपू दे की! कर्बी कोव्हला जा. गोल्डन गेटच्या पायथ्याशी मोजून पाच साइट्स (तंबूच्या जागा), पुलाचे दिवे डोक्यावर.

---

घोरपड | १० मार्च

मावळ्या, कर्बी कोव्हला गाडी वर ठेवून मैलभर उतरायचं असतं, येताना तेवढंच चढायचं, तेही सामान घेऊन. प्यायचं पाणी नाही. आणि धुकं आलं की पुलाचा भोंगा रात्रभर. आईंचा गुडघा वाचला नाहीस वाटतं.

---

मावळा_सॅनहोजे | १० मार्च

वाचला नव्हता. माघार.

---

नीलमोहर | १० मार्च

आम्ही गेली सात-आठ वर्षं आरव्हीनेच फिरतो, त्यामुळे नवरोबांच्या बाजूने बोलते, आणि थोडं विरुद्धही.

बाजूने: बाबांचा रात्रीचा प्रश्न संपतो. आईंना उभं राहून कपडे बदलता येतात, ओट्याशी उभं राहून चहा करता येतो. वय झालेल्या माणसाला जमिनीवर झोपण्याचा त्रास होत नाही, जमिनीवरून उठण्याचा होतो.

विरुद्ध: आरव्ही दिसते घरासारखी, चालवायची ट्रकसारखी. कॅलिफोर्नियात २५ फुटी गाडीला वेगळं लायसन लागत नाही, म्हणून भाड्याने देणारे अर्ध्या तासात सगळं समजावून किल्ली हातात देतात. मग माणूस ती घेऊन हायवे १७ ला लागतो. सांताक्रूझचा घाट म्हणजे जुन्या खंडाळ्याच्या घाटाचा चुलतभाऊ. आमच्या पहिल्या खेपेला त्या वळणांवर कपाटाचं दार उघडलं आणि अख्खा डबाभर शेंगदाण्याचं कूट गाडीभर झालं. दोन वर्षांनी गाडी घेऊन पुन्हा घाटात गेलो तेव्हा सगळी कपाटं रबरबँडने बांधलेली होती.

दुसरं, 'आरव्ही साइट' लिहिलेलं असलं म्हणजे वीज-पाणी मिळतंच असं नाही. हुकअपचे प्रकार बघायचे. फुल हुकअप म्हणजे पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी. पार्शल म्हणजे पाणी-वीज, सांडपाणी जाताना डम्प स्टेशनवर रिकामं करायचं. आणि पुष्कळ स्टेट पार्कांत यातलं काहीच नसतं, नुसती सपाट जागा. तिथे जनरेटर लावावा तर सकाळी १० ते रात्री ८ एवढीच मुभा.

वीज असली तरी साधारण ३० अँपिअरची असते, म्हणजे जास्तीत जास्त ३६०० वॉट. एसी चालू, मायक्रोवेव्ह चालू, आणि त्यात इंडक्शनवर भात लावला की अंधार. आमच्याकडे नियम आहे: एका वेळी एकच शहाणा.

टाक्या दोन. ग्रे टाकीत आंघोळीचं, भांड्यांचं पाणी; ब्लॅकमध्ये संडासाचं. भाड्याची गाडी परत करताना रिकामी करून द्यावी लागते, नाहीतर दंड. हे काम नवऱ्यालाच द्या. आरव्हीची हौस कोणाची होती?

---

गवती_चहा | १० मार्च

नीलमोहर, शेवटचं वाक्य फ्रिजवर लावलंय.

म्हणजे चंद्र हवा, रेडवुड नको, गुडघा सांभाळायचा, हुकअप हवं. यातून काय उरतं?

---

घोरपड | १० मार्च

बरंच उरतं. मला नीट माहीत असलेल्या जागांबद्दल लिहितो.

अँथनी शाबो, ओकलंडच्या डोंगरात. तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर. खाली शाबो तलाव, वर निलगिरीची झाडं, काही साइट्सना फुल हुकअप. पूर्वी शेजारी नेमबाजीची रेंज होती, दिवसभर ठो-ठो चालायचं. ती २०१६ मध्ये बंद झाली. पहिल्यांदा जाणाऱ्याला जवळ असण्याचा फायदा असा, की काही बिनसलं तर रात्री दहाला घरी परतता येतं. लोक हे बोलत नाहीत, पण चार वर्षांच्या मुलाला घेऊन पहिल्यांदा जाताना मी हेच आधी बघेन.

हाफ मून बे. बीचला लागूनच कॅम्पग्राउंड, सपाट, काही साइट्सना वीज, शॉवर आहेत. आईंच्या गुडघ्याला उत्तम. वारा मात्र सतत. मोठा तंबू नेलास तर त्याचं शीड होईल. वाऱ्याच्या दिवशी दूध आटायला गॅस किती जाईल त्याचा हिशोब कर.

न्यू ब्रायटन, कॅपिटोलाला. कड्यावर कॅम्पग्राउंड, खाली माँटेरे बे. आकाशही आहे आणि झाडंही. बीचवर उतरायला पायऱ्या आहेत, तेवढं लक्षात ठेव. शेजारच्या सीक्लिफला अगदी वाळूला लागून आरव्ही उभ्या राहायच्या, जानेवारी २०२३ च्या वादळात ते सगळं उद्ध्वस्त झालं, समुद्रातला धक्काही गेला. जुन्या लेखांत अजून "सीक्लिफला जा" असतं. बिग बेसिनचंही तसंच. १९०२ चं, राज्यातलं सगळ्यात जुनं स्टेट पार्क, ऑगस्ट २०२० च्या वणव्यात होरपळलं. २०२२ मध्ये दिवसापुरतं उघडलं. म्हणून कुठल्याही ठिकाणाचं कौतुक वाचलंस की आधी ते कधी लिहिलंय ते बघ. माझंही.

पिनॅकल्स. चंद्रासाठी माझा पहिला नंबर. शहराचा उजेड नाही, चहूबाजूंनी डोंगर, दिवसा कॉन्डॉर गिधाडं दिसण्याची शक्यता. काही साइट्सना वीज आहे. दोन गोष्टी सांभाळ: कॅम्पग्राउंड फक्त पूर्वेच्या बाजूला आहे, हॉलिस्टरवरून हायवे २५ ने जायचं. पश्चिमेच्या फाटकातून आत गेलीस तर पार्क ओलांडून पलीकडे नेणारा रस्ताच नाही, अख्खा वळसा. जीपीएस बिनदिक्कत चुकीच्या फाटकावर नेऊन सोडतो. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातही दुपार तापू शकते.

माउंट मडोना. गिलरॉय आणि वॉटसनव्हिलच्या मध्ये, हायवे १५२ वर, सांताक्लारा काउंटीचं पार्क. थोडं रेडवुडखाली, थोडं मोकळं. पाणी-वीज असलेल्या साइट्स आहेत.

---

साठीशांत | ११ मार्च

मी इथे फारसं लिहीत नाही. ७१ वर्षांचा आहे, दर दोन वर्षांनी मुलीकडे येतो, आणि तिने मला तीनदा कॅम्पिंगला नेलंय. तेव्हा बाबांच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं.

पहिल्यांदा नेलं तेव्हा तिने संडासापासून लांबची साइट घेतली होती, "शांत आहे" म्हणून. रात्री दोनला मी टॉर्च घेऊन निघालो. जाताना सापडलं. येताना सगळे तंबू सारखे दिसू लागले. दुसऱ्याच कोणाच्या तंबूची चेन उघडणार होतो, आतून कुत्रं भुंकलं म्हणून वाचलो. मुलीला हे अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या वेळी तिने अगदी संडासाशेजारची घेतली. रात्रभर दाराचा धाड-धाड आवाज आणि दिव्याचा उजेड. दोन-तीन साइट्स सोडून घ्यावी. वळण नसलेली वाट असावी. तंबूच्या दोरीला काहीतरी चमकणारं बांधावं, मी घरून केशरी उपरणं नेतो.

आणि एक विनंती. आम्हाला खाट द्या. फोल्डिंगची मिळते. हवा भरायची गादी नको, पहाटे तिच्यातली हवा जाते आणि आपण जमिनीला लागतो. बाबांना लाज वाटेल, ते "मला चालेल" म्हणतील. त्यांचं ऐकू नका.

---

गवती_चहा | ११ मार्च

काका, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. पाच मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, "बाबापण 'मला चालेल' असंच म्हणतात ना, दर वेळी."

---

तिरफळ_पुणे | ११ मार्च

पुण्याहून वाचतेय. आमच्याकडे पवनेला फोन केला की तंबू लावलेला, गादी घातलेली, बार्बेक्यू तयार, आणि शेजारच्याचा स्पीकर पहाटेपर्यंत. तुम्ही तंबू स्वतः लावता आणि पैसेपण देता?

---

अटकमटक | ११ मार्च

देतो. आणि रात्री १० नंतर मोठ्याने हसलं तर रेंजर येतो. त्यासाठीच देतो बहुतेक.

---

दगडफूल | १२ मार्च

लहान मुलं आहेत म्हणून लिहिते. कॅम्पग्राउंड कुठलंही घ्या, पॉयझन ओक सगळीकडे आहे. एका देठाला तीन पानं, शरदात लालबुंद होतं, आणि ते इतकं सुंदर दिसतं की मुलं तोडून आणतात. आईंना समजावायचं तर सांगा, हा इकडचा बिब्बा. नुसती उपमा नाही, दोन्ही आंब्याच्याच कुळातले. बिब्बा उततो तसं हे उततं. फरक एवढाच की बिब्बा कोणी आपणहून अंगाला लावतं, हा वाटेत उभा राहून लावून जातो. लागलंच तर लगेच साबणाने खसखसून धुवायचं, कपडेही.

खाण्याचंही बघा. रॅकून नावाचे चोरटे प्राणी चेन उघडतात, झाकण उघडतात. एका पार्कात आमचं बाकरवडीचं पाकीट नेलं, आणि पुरावा म्हणून रिकामं पाकीट परत आणून टाकलं. साइटवर लोखंडी पेटी असेल तर त्यातच, नाहीतर गाडीत काचा लावून. तंबूत एक चकलीसुद्धा नको.

---

नीलमोहर | १२ मार्च

गवती, एक मधला मार्ग सुचतोय. आरव्ही चालवूच नका. भाड्याने ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायची राहायची खोली) मिळतो, तो मालकाचा माणूस साइटवर आणून लावून देतो, हुकअप जोडून देतो, रविवारी येऊन घेऊन जातो. आई-बाबा ट्रेलरमध्ये, शेजारी तुमचा तंबू. घाट नाही, टाकी रिकामी करायची कटकट नाही. फक्त दोन गोष्टी आधी विचारा: त्या पार्कात असा आणून लावलेला ट्रेलर चालतो का, आणि एका साइटवर ट्रेलर आणि तंबू दोन्ही चालतात का. सगळीकडे चालत नाही. साइटची लांबीही बघा, २० फुटी साइटवर २४ फुटी ट्रेलर मावत नाही हे आम्ही प्रत्यक्ष करून पाहिलंय.

---

मावळा_सॅनहोजे | १२ मार्च

आणि बाबांना उघड्यावर झोपायचं असेल तर तुमच्या तंबूबाहेर खाट टाका. ट्रेलर मागे आहेच. (पाहा, या वेळी सगळं वाचलं.)

माझं मत माउंट मडोनाला. त्याच डोंगरावर वर माउंट मडोना सेंटरमध्ये संकटमोचन हनुमानाचं देऊळ आहे. शनिवारी सकाळी आईंना तिथे न्या. कॅम्पिंगला त्यांचा होकार तिथूनच मिळेल. आरतीच्या, दर्शनाच्या वेळा आधी बघून घ्या.

---

गवती_चहा | १२ मार्च

देऊळ! हे मला कोणी आधी का नाही सांगितलं? आईंना आत्ताच फोन केला. "गाडीत झोपेन"वरून "खाट दोन घ्या" इथवर आल्या.

---

घोरपड | १३ मार्च

मग ठरलंच. नकाशावर साइट निवडताना: चढ-उतार बघ, तंबूला सपाट जागा हवी, ओघळाच्या वाटेत नको. फोटोत पूर्व कुठे आहे ते बघ. सकाळचं ऊन तंबूवर आलं तर दव लवकर वाळतं, पण मुलं सहाला उठतात. वाळवण की झोप, तुझं तू ठरव. लाकडं घरून नेऊ नकोस, तिथलीच घे. लाकडातून किडे आणि झाडांचे रोग एका जंगलातून दुसरीकडे जातात. आणि ऑक्टोबर म्हणजे वणव्याचा हंगाम. शेकोटीला ऐनवेळी बंदी येऊ शकते, तेव्हा दूध शेकोटीवर आटवायची स्वप्नं बघू नकोस. गॅसची शेगडी ने, आणि बंदीत शेगडी चालते का तेही विचार.

---

गवती_चहा | ८ ऑक्टोबर

मंडळी, जाऊन आलो. धागा वर काढतेय, कारण तुम्हाला हिशोब द्यायलाच हवा.

माउंट मडोनाला पाणी-वीज असलेली साइट मिळाली, संडासापासून तिसरी. ट्रेलर आणून लावला, शेजारी आमचा तंबू. तंबू लावायला आम्हाला दीड तास लागला, त्यात बाबांनी तीनदा "आमच्या वेळी गोणपाट आणि दोन बांबू" सांगितलं. दोरीला केशरी उपरणं बांधलं. साठीशांतकाका, ते तुमच्या नावाने.

शनिवारी देऊळ झालं. आईंनी तिथे बसून मारुतीस्तोत्र म्हटलं, मोठ्या मुलीने अर्धं सोबत म्हटलं. बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "इथे अमेरिकेत बरं सापडलं त्याला डोंगर." मग गुडघ्याबद्दल दिवसभर एक शब्द नाही.

संध्याकाळी दूध. नीलमोहर, तुमची आठवण आली, कारण ट्रेलरमध्ये हीटर आणि मायक्रोवेव्ह एकदम लागला आणि दिवे गेले. मग शेगडीवर बाहेर. वेलची, केशर, चारोळी घरून आणली होती, जायफळ विसरले. तासभर हलवलं. चंद्र सूर्यास्ताआधीच उगवून बसला होता, दोन दिवस आधीचा होता म्हणून. आणि दूध झालं, भांडी मांडली, आणि समुद्राकडून धुकं वर आलं. पंधरा मिनिटांत चंद्राचा नुसता पांढरा डाग, मग तोही नाही. घोरपड, तुम्ही सांगितलं होतंत, हो. दूध प्यालो, धाकटा कपातच झोपला, आम्ही तंबूत गेलो. मी जराशी रडवेली झाले होते, ते इथे लिहायला हरकत नाही.

सकाळी भांडी घासायला घेतली तर उरलेल्या दुधाचं पातेलं रिकामं. मला वाटलं रॅकून. पण पातेलं धुऊन पालथं घातलेलं.

बाबा रात्री दीडला उठले होते. ट्रेलरमधला संडास वापरला नाही, "टाकी उगाच कशाला भरायची" म्हणून. बाहेर आले तर धुकं गेलेलं, सगळं लख्ख. मग आईंना उठवलं. दोघांनी शेगडी पेटवली, दूध गरम केलं, खाटेवर बसून प्यायले. आम्हाला का नाही उठवलं विचारलं तर आई म्हणाल्या, "तुम्ही दमला होतात. आणि दूध दोघांपुरतंच होतं."